आधार कार्ड: खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

शहादा तालुक्यात आमचं सेवा केंद्र आहे. समोरच्या खुर्चीत बसून जेवढे प्रश्न विचारले जातात, त्याच्या दुप्पट व्हॉट्सॲपवर येतात, तेही रात्री साडेदहानंतर. तळोदा, धडगाव, शिरपूर, चोपडा, साक्री, शिवाय सुरत आणि बारडोलीला कामाला गेलेल्या आपल्या माणसांचे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र लिहिले. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथला आकडा दिला आहे.

१. आधार काढणं सक्तीचं आहे का? कोणी म्हणतं ऐच्छिक, कोणी म्हणतं त्याच्याशिवाय काहीच होत नाही.

दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. २०१६ च्या आधार कायद्यानुसार आधार हा रहिवाशाचा हक्क आहे. तुम्ही मागितलं तर सरकारने द्यायचं. "काढलंच पाहिजे, नाहीतर दंड" असं कायद्यात कुठेही नाही.

पण त्याच कायद्याचं सातवं कलम सांगतं, की सरकारी तिजोरीतून अनुदान, लाभ किंवा सेवा हवी असेल तर सरकार आधार मागू शकतं. रेशन, पीएम किसान, लाडकी बहीण, रोजगार हमीची मजुरी, शिष्यवृत्ती हे सगळं त्यात आलं. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला. योजनांसाठी आणि आयकरासाठी आधार मागणं न्यायालयाने योग्य ठरवलं. बँक खातं आणि मोबाईल सिमसाठीची सक्ती मात्र रद्द केली, आणि खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा भागही काढून टाकला. एकटे न्या. धनंजय चंद्रचूड वेगळ्या मताचे होते. त्यांच्या मते कायदाच घटनाबाह्य होता.

आता व्यवहारातलं सांगतो. ज्याच्याकडे पाच एकर बागायत आहे आणि योजनेशी देणंघेणं नाही, त्याच्यासाठी आधार बऱ्यापैकी ऐच्छिक आहे. ज्याचं घर रेशनच्या गव्हावर चालतं, त्याच्यासाठी "ऐच्छिक" हा शब्द कागदावरचा. मला स्वतःला हे उलटं वाटतं, पण आहे ते असं आहे. म्हणून मी येणाऱ्याला एकच सांगतो: कोण मागतंय आणि कशासाठी, ते आधी विचारा. तहसीलवाला मागतो ते वेगळं, मोबाईलचं कव्हर विकणारा मागतो ते वेगळं.

२. माझ्याकडे आधार आहे, म्हणजे मी भारताचा नागरिक आहे हे सिद्ध झालं ना?

नाही. कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे, की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार रहिवाशाला मिळतं. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला परदेशी माणूसही ते काढू शकतो. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला ही दिवसांची अट नाही.

मग नागरिकांचं असं वेगळं कार्ड आहे का? कायद्यात आहे, हातात नाही. कारगिल युद्धानंतर नागरिकांना बहुउद्देशीय ओळखपत्र देण्याची शिफारस झाली. नागरिकत्व कायद्यात १४-अ हे कलम २००३ च्या दुरुस्तीने आलं. काही निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक कार्डंही दिली गेली, पण देशभर ती योजना पोहोचली नाही. त्या जागेवर प्रत्यक्षात आधार येऊन बसलं आणि लोक त्यालाच नागरिकत्वाचं कार्ड समजू लागले.

मतदार यादीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: बिहारच्या मतदार यादी फेरतपासणीच्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार हे बारावं कागदपत्र म्हणून स्वीकारायला सांगितलं, पण ओळखीपुरतंच. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही.

३. देशातलं पहिलं आधार खरंच आपल्या टेंभलीत दिलं गेलं का?

हो. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते, आणि गावातल्या दहा जणांना पहिले क्रमांक देण्यात आले. पहिला क्रमांक एका बाईंना मिळाला. तेव्हा कायदा नव्हता. नियोजन आयोगाच्या छत्राखाली जानेवारी २००९ मध्ये आधार देणारं प्राधिकरण (यूआयडीएआय) स्थापन झालं होतं आणि नंदन नीलेकणी त्याचे अध्यक्ष होते. कायदा आला २०१६ मध्ये, म्हणजे कार्ड आधी आणि कायदा साडेपाच वर्षांनी. पत्रकार अजूनही अधूनमधून टेंभलीला येतात आणि "आधारने काय बदललं?" विचारतात.

४. मोठ्या माणसाचं पहिल्यांदा आधार काढायचं आहे. कागद काय लागतात, किती दिवस लागतात?

सातपुड्याच्या पाड्यांवर अजूनही असे लोक आहेत, त्यामुळे "इतक्या वर्षांत का नाही काढलं?" असं कृपा करून कोणी विचारू नका.

ओळखीचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक पुरावा लागतो. मतदान कार्डावर दोन्ही भागतं. काहीच नसेल तर सरपंच किंवा ग्रामसेवक यांचं ठरलेल्या नमुन्यातलं, फोटो चिकटवलेलं आणि शिक्का मारलेलं प्रमाणपत्र पत्त्यासाठी चालतं. साध्या लेटरपॅडवरचं "सदर इसम आमच्या गावचा रहिवासी असून" चालत नाही. प्रमाणपत्र तीन महिन्यांच्या आतलं हवं. तेही जमत नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून नोंदणी होते. त्यासाठी नातं दाखवणारा कागद लागतो आणि कुटुंबप्रमुखाने स्वतः येऊन अंगठा द्यावा लागतो.

नोंदणी पूर्ण मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर १९४७ या क्रमांकावर तक्रार करा. तो फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

अठरा वर्षांवरच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून वेगळी पडताळणी होते. त्याला १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. तोवर पावती जपून ठेवा. तिच्यावरचा नोंदणी क्रमांक आणि वेळ मिळून २८ अंक होतात, आणि चौकशी त्याच्यावरच होते. आणखी एक: "आला नाही" म्हणून दुसऱ्या केंद्रावर जाऊन पुन्हा नवी नोंदणी करू नका. यंत्रणा बोटं आणि डोळे जुन्या नोंदींशी ताडून बघते, आणि दुसरी नोंदणी नामंजूर होते. मग दोन्ही पावत्या घेऊन माणूस फिरत बसतो.

५. लहान मुलाचं आधार कधी काढायचं? निळं कार्ड म्हणजे काय?

जन्मल्यानंतर केव्हाही. पाच वर्षांखालच्या मुलाची बोटं आणि डोळे घेत नाहीत, फक्त फोटो घेतात आणि आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडतात. तेच निळं बाल आधार. जन्मदाखला लागतोच. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेसाठी दुसरा कोणताही कागद चालत नाही. म्हणून बाळंतपण घरी झालं असलं तरी ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांत करा. पुढे ती करायला फार चकरा पडतात.

पाच वर्षं झाली की बोटं, डोळे आणि नवा फोटो द्यायचा. पंधरा झाली की पुन्हा. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात हे मोफत असतं, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून एक वर्षासाठी सात ते पंधराच्या मुलांचंही शुल्क माफ केलं आहे. सात वर्षं उलटूनही नोंद केली नाही तर आधार निष्क्रिय होऊ शकतं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी हे कळतं, आणि मग गुरुजी, आईबाप आणि आम्ही तिघंही घामाघूम.

६. आधार नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकते का? आणि हे "अपार" काय आहे?

नाकारू शकत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, आणि त्यासाठी आधारची अट घालता येणार नाही असं २०१८ च्या निकालात आहे.

तरी शिक्षक का पाठीमागे लागतात? त्यांचीही अडचण आहे. आपल्या राज्यात शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं किती मंजूर, हे आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर बघतात. पट साठचा आणि आधार जुळलेले पंचेचाळीस, तर कागदावर शाळा पंचेचाळीसची. मुलं ऊसतोडीला आईबापाबरोबर गेली असतील तर गुरुजी करणार तरी काय? म्हणून गुरुजींवर रागावू नका. पण "प्रवेशच देत नाही" म्हटलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

अपार हा विद्यार्थ्याचा वेगळा १२ अंकी क्रमांक आहे. त्यासाठी पालकांचं संमतिपत्र लागतं. संमती मागतात याचाच अर्थ नाही म्हणता येतं.

७. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडला. घरी बसून बदलेल का?

ओटीपी जुन्याच नंबरवर जातो, म्हणून वेबसाईटवरून हे जमत नाही. कोणताही कागद लागत नाही, फक्त तुम्ही स्वतः केंद्रावर या आणि बोट द्या. ७५ रुपये लागतात. केंद्र लांब असेल तर पोस्टमनला विचारा. पोस्ट पेमेंट बँकेमार्फत पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक २०२१ पासून मोबाईल नंबर बदलून देतात. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या लोकांसाठी ही सगळ्यात कामाची सोय आहे आणि सगळ्यात कमी माहिती असलेली.

एक विनंती: शेजारच्या पोराचा, रोजगार सेवकाचा किंवा दुकानदाराचा नंबर देऊ नका. नंबर ज्याच्या हातात, ओटीपी त्याच्या हातात.

८. "मना आंगठाच उठत नही. आते काय करानं?"

हा प्रश्न मी अहिराणीतच ठेवला, कारण तो नेहमी तसाच येतो.

बोटांच्या रेषा झिजतात. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठं खुडणाऱ्या बायांची बोटं इतकी भाजलेली असतात की यंत्राला काही दिसतच नाही. पपई आणि केळीचा चीक, कापूस वेचताना बोंडांनी ओरखडलेली कातडी, वीटभट्टी, बांधकामातलं सिमेंट. वयस्कर माणसांच्या रेषा तशाही पुसट होतात.

आधी सोपं करून बघा. हात साबणाने धुवा, खोबरेल तेल चोळा, पंधरा मिनिटांनी पुसून पुन्हा ठेवा. दहाही बोटं फिरवा. अंगठाच पाहिजे असा नियम नाही, बऱ्याच जणांची अनामिका छान लागते. यंत्राची काच पुसायला सांगा. अर्ध्या वेळा दोष काचेवरच्या धुळीचा असतो.

तरी लागत नसेल तर केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. १२५ रुपये लागतात, आणि त्याच फेरीत नाव-पत्त्याची दुरुस्ती केली तर वेगळे पैसे नाहीत. हे दोन-तीन दिवस काम बंद ठेवून, हात थोडे बरे झाल्यावर करा. मिरचीच्या हंगामात नाही.

बोटंच नसतील, किंवा कुष्ठरोगाने, अपघाताने गेली असतील, तर नोंदणी "अपवाद" म्हणून होते. ती नाकारता येत नाही. डोळ्यांच्या बुबुळावर, चेहऱ्यावर किंवा ओटीपीवर पुढची कामं चालतात. पीएम किसानच्या ॲपमध्ये तर चेहरा दाखवूनच ई-केवायसी, म्हणजे ऑनलाईन ओळख पडताळणी, होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी येऊन नोंदणी करण्याची सेवाही आहे, तिला मात्र सातशे रुपये पडतात.

९. रेशन दुकानदार म्हणतो, अंगठा लागत नाही तर धान्य नाही. खरं आहे का? आणि गुजरातमध्ये असलो तर?

खरं नाही. आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्याच कारणाने पात्र माणसाचं धान्य अडवायचं नाही, असे केंद्राच्या अन्न विभागाचे लेखी आदेश २४ ऑक्टोबर २०१७ चे आहेत. घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो. कार्डावर ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी कोणाचाही. नाहीच जमलं तर दुकानदाराने इतर मार्ग वापरून वहीत नोंद करायची. न दिल्यास तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी भांडणाचा पुरावा राहत नाही.

दिवाळीनंतर बारडोली, व्याऱ्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांनी रेशनकार्डाचा आणि आधारचा क्रमांक सोबत न्यावा. "एक देश एक रेशनकार्ड" योजनेत तिथल्या दुकानातही अंगठा देऊन धान्य मिळतं, आणि घरी राहिलेली म्हातारी माणसं इकडे आपला वाटा उचलू शकतात. अट एकच, कार्डातल्या प्रत्येक नावाची ई-केवायसी झालेली हवी.

१०. सुरतला आधार काढलं, नावापुढे "भाई" लागून आलं. गावच्या शाळेच्या दाखल्यात नुसतं नाव आहे. काय करू?

आठवड्याला असे दोन-तीन जण येतात. तिकडच्या पद्धतीप्रमाणे ऑपरेटर नावापुढे भाई किंवा बेन लिहितो, आणि कार्डावर स्थानिक भाषा म्हणून गुजराती उमटते. मग इथे शाळेत, सातबाऱ्यावर आणि जात प्रमाणपत्रात एक नाव, आणि आधारवर दुसरं.

शाळा सोडल्याचा दाखला, पॅन किंवा मतदान कार्ड अशा ओळखीच्या कागदावर जे नाव आहे, तेच करून घ्या. त्याच अर्जात स्थानिक भाषाही मराठी करून मागा. पण ध्यानात ठेवा: आयुष्यात नाव फक्त दोनदा बदलता येतं. म्हणून आधी सगळे कागद समोर ठेवा, कोणतं स्पेलिंग कायमचं ते ठरवा, आणि मगच अर्ज करा. पावरा, वसावे, वळवी, चौधरी ही आडनावं इंग्रजीत दोन-दोन प्रकारे लिहिली जातात. एक अक्षर दुरुस्त करायला एक संधी गेली, की उरते एकच. पावतीवर सही करण्यापूर्वी स्क्रीनवरचं इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचा. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला सोबत आणा.

११. लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं आहे का?

मुळीच नाही. माहेरचं नाव ठेवून फक्त पत्ता बदलता येतो, आणि पत्ता कितीही वेळा बदलता येतो. नाव बदलायचंच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं, आणि दोनपैकी एक संधी खर्च होते (प्रश्न १० पाहा). नाव बदललं तर बँक, पॅन, रेशनकार्ड सगळीकडे बदला. आधारवर सासरचं आणि पासबुकावर माहेरचं, यातूनच योजनेच्या अर्जाची निम्मी गाडी अडकते.

१२. आधारवर जन्मतारीख १ जून आहे, खरी वेगळी आहे. बदलेल का? आणि पेन्शनसाठी आधारची तारीख चालते का?

आमच्या संगणकात बघितलं तर निम्मा तालुका १ जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजींनी १ जून लिहायची, ही जुनी रीत. ज्यांनी शाळा पाहिलीच नाही त्यांच्या आधारवर १ जानेवारी दिसते, कारण नुसतं वर्ष सांगितलं होतं.

जन्मतारीख एकदाच बदलता येते, आणि त्यासाठी जन्मदाखला किंवा ठरवून दिलेलं कागदपत्र लागतं. गावच्या कोतवाल बुकात (जन्म-मृत्यूच्या जुन्या सरकारी वहीत) नोंद सापडली तर नशीब. तहसीलच्या अभिलेख कक्षात तिची प्रमाणित नक्कल मागता येते, आणि तिच्या आधारे जन्मनोंदीचा मार्ग धरता येतो. दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली तर प्रकरण मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जातं आणि फार खोलात तपासलं जातं.

पण त्याआधी विचार करा, की बदलायची गरज आहे का. आधार हा वयाचा पक्का पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारवरचं वय न धरता शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं धरलं. भविष्य निर्वाह निधी कार्यालयानेही जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकलं. शाळेच्या दाखल्यावरही १ जूनच असेल, तर दोन्हीकडे एकच तारीख आहे हेच तुमच्या फायद्याचं. आईने सांगितलेली पोळ्याची तिथी घरात साजरी करा.

१३. दाखल्यावर "जि. धुळे" आहे आणि आधारवर "जि. नंदुरबार". चूक दुरुस्त करावी लागेल का?

नाही, कारण ती चूकच नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा इथे जन्मलेल्यांच्या कागदावर धुळेच असणार. आजोबांच्या कागदावर तर "पश्चिम खानदेश" सापडतं, आणि जळगावकडच्यांच्या "पूर्व खानदेश". जन्मस्थळ आधारवर येतच नाही, येतो तो आजचा पत्ता. कोणा कारकुनाने अडवलं तर त्याला ही तारीख सांगा.

१४. खातं आधारला लिंक आहे, तरी लाडकी बहीणचे पैसे येत नाहीत. किंवा भलत्याच बँकेत गेले. असं का?

या एका प्रश्नाने २०२४ च्या पावसाळ्यापासून आमची झोप घालवली आहे. समजून घेण्यासारखी गोष्ट एवढीच: लिंक आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुम्ही बँकेत आधारची झेरॉक्स दिली, त्यांनी खात्याला क्रमांक जोडला. हे झालं लिंक. असं पाच बँकांत असू शकतं. पण सरकारचे पैसे खातं क्रमांक बघून येत नाहीत, आधार क्रमांक बघून येतात. राष्ट्रीय देयक महामंडळाकडे (एनपीसीआय) एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात. तिच्यात एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं. ते नाव चढवणं म्हणजे सीडिंग. शेवटी ज्या बँकेत सीडिंगची संमती दिली, तिचं नाव राहतं आणि आधीचं पुसलं जातं.

म्हणून काय होतं, की मुकादमाने किंवा कारखान्याने सुरतला एक खातं उघडून दिलेलं असतं. सिम घेताना अंगठा दिला आणि पेमेंट बँकेचं खातं नकळत उघडलं, असंही झालेलं आहे. २०१७ मध्ये गॅसच्या सबसिडीचे पैसे याच वाटेने लोकांच्या न कळत भलतीकडे गेले होते. बाई इकडे पासबुक भरून भरून दमते आणि पैसे तिकडे सुरक्षित पडलेले असतात.

करायचं काय? माय आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंगची स्थिती मोफत दिसते. कोणत्या बँकेचं नाव आहे ते बघा. ते खातं चालू असेल तर पैसे तिथेच आहेत, काढून घ्या. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत "डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग"चा फॉर्म भरा. तोंडी "लिंक करा" म्हणू नका, क्लार्क लिंकच करून देईल. आधार केंद्रावर हे काम होत नाही. आमच्याकडे येऊन रांगेत उभं राहण्यात दिवस घालवू नका.

१५. पॅनला आधार जोडलं नाही. आता काय?

३० जून २०२३ ही मुदत होती. न जोडलेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली, आणि चालू करायला हजार रुपये विलंब शुल्क ठरलं. ऐंशी वर्षांवरील व्यक्तींना जोडणीतून सूट आहे. आजोबांचे हजार रुपये भरण्याआधी त्यांचं वय बघा. नवीन पॅनसाठी जुलै २०२५ पासून आधार लागतंच.

१६. लॉज, दुकान, कुरिअर सगळे झेरॉक्स मागतात. द्यायची का?

पूर्ण क्रमांक द्यायची गरज नसते. माय आधारवरून डाउनलोड करताना "मास्क्ड" निवडा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. फाईलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर तारीख आणि कारण आडवं लिहा. क्रमांकाऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांकही देता येतो, तो हवा तेव्हा बदलता येतो.

खरी भीती झेरॉक्सपेक्षा अंगठ्याची आहे. खरेदीखतावरचे ठसे उचलून नकली बोट बनवायचं आणि आधारवरून पैसे काढायचे, असे प्रकार देशात उघड झाले आहेत. त्यावर उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. ॲपमधून किंवा वेबसाईटवरून लावता येतं. मात्र लॉक लावलं की रेशनचं यंत्रही अंगठा घेत नाही, ३३० क्रमांकाची चूक दाखवतं. पुण्याला शिकणाऱ्या एका नातवाने काळजीपोटी आजीचं लॉक लावलं आणि सांगायला विसरला. आजी दोन महिने तेल लावून अंगठा चोळत होती. तात्पुरतं उघडायची सोय आहे, थोड्या मिनिटांत ते आपोआप पुन्हा बंद होतं.

१७. बाजारात प्लास्टिकचं आधार करून देतात, ते चालतं का?

बाहेर छापलेलं प्लास्टिक कार्ड घेऊ नका. तुमचा क्रमांक त्या दुकानाच्या संगणकात राहतो. प्राधिकरण स्वतःच पीव्हीसी कार्ड पोस्टाने घरी पाठवतं. साध्या कागदावर काढलेली ई-आधारची प्रतही तितकीच कायदेशीर आहे.

१८. मला आधार नकोच. रद्द करता येतं का?

मुलपणी आईबापाने काढलेलं असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत रद्द करण्याचा अर्ज करता येतो. ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीतली. मोठेपणी स्वतः काढलेल्याला अशी वाट नाही. लॉक लावून ठेवणं (प्रश्न १६) एवढंच हातात आहे. अठराव्या वर्षी रद्द करायला आमच्याकडे आजवर एकच मुलगा आला. शिष्यवृत्तीचा फॉर्म आठवल्यावर चहा पिऊन परत गेला.

१९. वडील वारले. त्यांच्या आधारचं काय करायचं?

मृत्यूचा दाखला मिळाला की माय आधारवर कुटुंबातला सदस्य स्वतःच्या लॉगिनने मृत्यूची नोंद कळवू शकतो. ही सोय जून २०२५ मध्ये सुरू झाली. त्यांचा क्रमांक आणि दाखल्याचा नोंदणी क्रमांक लागतो. पडताळणी होऊन क्रमांक बंद होतो, आणि तो दुसऱ्या कोणाला कधीच दिला जात नाही.

मात्र घाई करू नका. आधी बँकेचं, वारस नोंदीचं आणि विम्याचं काम बघा. मूळ कार्ड फाडू नका, नदीत सोडू नका. तलाठी, बँक आणि विमावाला तिघंही त्याची प्रत मागतात. गेल्या वर्षी प्रकाशा गावच्या घाटावर अस्थींबरोबर कार्डही सोडून आलेला एक भाऊ चौथ्या दिवशी आमच्याकडे आला. क्रमांक रेशनकार्डाच्या नोंदीतून सापडला, म्हणून निभावलं.